तुर्की प्रवासवर्णनांतील परक्या स्त्रिया : पाहणारा कुठे उभा आहे?

जुनीवही (धागाकर्ती)

युरोपीय प्रवाशांनी तुर्की जनानखान्याविषयी काय काय लिहिले, यावर आजवर पुष्कळ चर्चा झाली आहे. लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू १७१७ मध्ये सोफियाच्या हमामात शिरली, तिथे तिने जे पाहिले ते तिच्या पत्रांतून १७६३ मध्ये छापून आले आणि पुढे कित्येक चित्रकारांनी त्यावर आपली कल्पनाशक्ती मोकाट सोडली, हे अनेकांना ठाऊक असेल. या धाग्यात मला उलट दिशेने पाहायचे आहे. तुर्की प्रवासी जेव्हा घराबाहेर पडले, तेव्हा त्यांना परमुलखातल्या बायका कशा दिसल्या, आणि त्यांनी त्या कशा लिहून ठेवल्या? मी हे सारे भाषांतरांतून वाचले आहे. मूळ उस्मानी (ऑटोमन) तुर्की मला येत नाही, त्यामुळे शब्दांच्या छटांविषयी मी बोलणार नाही.

माझे म्हणणे आधीच मांडून ठेवते. या वर्णनांत परकी स्त्री जेवढी दिसते, त्याहून अधिक दोन गोष्टी दिसतात : लिहिणाऱ्याला कुठल्या दारापर्यंत प्रवेश होता, आणि त्याच्या स्वतःच्या घरी त्या काळी कोणता वाद पेटलेला होता.

सुरुवात एव्लिया चेलेबीपासून करणे भागच आहे. १६११ मध्ये इस्तंबूलमध्ये जन्मलेला हा गृहस्थ जवळजवळ चाळीस वर्षे भटकत राहिला आणि त्याने दहा खंडांचे ‘सेयाहतनामे’, म्हणजे प्रवासवर्णन, लिहिले. उस्मानी साम्राज्य आणि ऑस्ट्रिया यांच्यातल्या १६६४ च्या वाश्वारच्या तहानंतर कारा मेहमेद पाशाचे शिष्टमंडळ व्हिएन्नाला गेले, त्यासोबत १६६५ मध्ये एव्लियाही तिथे पोहोचला. तिथे त्याने एक विलक्षण दृश्य पाहिल्याचे लिहिले आहे. बादशहा घोड्यावरून जात असला आणि वाटेत एखादी बाई भेटली, तर तो घोडा थांबवून तिला पुढे जाऊ देतो; पायी असला तर अदबीने उभा राहतो, तिने अभिवादन केले की डोक्यावरची टोपी काढतो, आणि ती गेल्यावरच पुढे निघतो. एव्लियाचा निष्कर्ष असा की, या देशात आणि एकूणच काफिरांच्या मुलखात बायकांचा शब्द चालतो, आणि त्यांना हा मान मिळतो तो माता मरियमच्या प्रेमापोटी. सम्राट लिओपोल्ड खरोखरच रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येक बाईसाठी घोडा अडवत होता की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. तिखटमीठ लावण्यात एव्लियाचा हात धरणारा कोणी नाही.

हाच एव्लिया मुसलमानी शहरांबद्दल लिहितो तेव्हा मात्र त्याची लेखणी ठरलेल्या चाकोरीतून जाते. किल्ला, मशिदी, हमाम, बाजार, खाद्यपदार्थ अशी यादी चालू असते आणि तिच्यातच बायकांचे एक वाक्य येऊन जाते : अमुक कापडाची चादर ओढतात, सगळ्या पतिव्रता आहेत, संत राबियाच (इस्लाममधली प्रसिद्ध सूफी संत स्त्री) जणू. वाचणाऱ्याला हे कौतुक वाटते, पण त्यात पाहणे मुळीच नाही. जिथे दार बंद, तिथे साचा पुरतो. आणि जिथे बायका रस्त्यावर दिसतात, तिथे आश्चर्य सुरू होते. गिरोकास्तर या आल्बेनियन गावाचे वर्णन अपवाद ठरते, कारण तिथे भाडोत्री रडणाऱ्या बायका फार पूर्वी मेलेल्यांसाठीही दर रविवारी आक्रोश करत आणि तो आवाज भिंतींत कोंडून राहणारा नव्हता. एव्लियाने त्या गावाला थेट रडण्याचे शहर म्हटले. बाई दिसली नाही तरी ऐकू आली, म्हणून ती यादीतून सुटली.

दुसरे नाव यिर्मिसेकिझ मेहमेद चेलेबीचे. ‘यिर्मिसेकिझ’ म्हणजे अठ्ठावीस. जॅनिसरी फौजेच्या (सुलतानाच्या खास पायदळाच्या) अठ्ठाविसाव्या तुकडीत नोकरी केल्यामुळे हे नाव त्याला चिकटले. सुलतान तिसऱ्या अहमदने त्याला १७२० मध्ये फ्रान्सला वकील म्हणून पाठवले, तेव्हा तिथला राजा पंधरावा लुई दहा वर्षांचा होता. परतल्यावर मेहमेद चेलेबीने ‘सेफारेतनामे’, म्हणजे वकिलातीचा वृत्तांत, सादर केला. त्यात तो म्हणतो की फ्रान्समध्ये बायकांचा दर्जा पुरुषांहून वरचा आहे, त्या हवे ते करतात, हवे तिथे जातात, मोठ्यातला मोठा सरदारही साध्यातल्या साध्या बाईपुढे अतोनात आदराने वागतो, आणि फ्रान्स हा बायकांचा स्वर्ग आहे असे म्हणतात. या शेवटच्या ‘असे म्हणतात’कडे माझे लक्ष जाते. स्वर्गाची कल्पना त्याची स्वतःची नसावी. यजमानांनीच ती त्याच्या कानावर घातली असावी, आणि त्याने ती मापात नोंदवली. एरवी हा वकील कालवे, राजवाडे, वेधशाळा यांवर मन लावून लिहितो. बायकांविषयी मजकूर थोडा आहे, पण जो आहे त्यात निंदा जवळपास नाही, हे मला मोलाचे वाटते.

याच वृत्तांतातला दुसरा प्रसंग मला जास्त आवडतो. फ्रेंच लोक, विशेषतः बायका, त्याला जेवताना पाहण्यासाठी गर्दी करत. रमजानचा महिना, दिवसभराचा उपास, आणि संध्याकाळी रोजा सोडताना समोर रांगेने बसलेल्या प्रेक्षक स्त्रिया! त्याला त्याचा त्रास झाला, पण राजाचे जेवणही लोक असेच पाहतात हे कळल्यावर त्याने ते सोसले. परक्या स्त्रीला न्याहाळायला निघालेला प्रवासी इथे स्वतःच तमाशा झाला आहे.

एकोणिसाव्या शतकातला अहमेद मिधत एफेंदी मी मुद्दाम मागे ठेवला आहे. चर्चेत कोणी त्याच्याविषयी लिहिले तर बरे होईल.

दर्यावर्दी

लेख आवडला. एक भर घालतो, आणि ती आपल्या किनाऱ्याशी जोडलेली आहे. सेयदी अली रेईस हा उस्मानी आरमाराचा सरदार १५५४ मध्ये पोर्तुगिजांशी झुंजून आणि वादळात सापडून उरलेल्या गलबतांसह दमणला लागला. तेव्हा दमण गुजरातच्या सुलतानाकडे होते. पोर्तुगिजांनी ते घेतले १५५९ मध्ये. सुरतेला जहाजे सोडून हा माणूस अहमदाबाद, सिंध, मुलतान, लाहोर करत दिल्लीला गेला, जानेवारी १५५६ मध्ये हुमायून पायऱ्यांवरून पडून वारला तेव्हा तो दरबारातच होता, आणि पुढे मध्य आशिया व इराणमार्गे १५५७ मध्ये मायदेशी पोहोचला. त्याच्या ‘मिरातुल् ममालिक’ या छोट्या पुस्तकात ताडीच्या झाडाचे कौतुक आहे, लढाया आहेत, स्वतःच्या गझलांची फुशारकीही आहे. आणि हिंदू विधवांविषयी एक परिच्छेद आहे.

त्याचा आशय असा : नदीकाठी प्रेत जाळतात, मरणाऱ्याची बायको मूल होण्याचे वय ओलांडलेली असेल तर तिला जाळत नाहीत, तसे नसेल तर जाळतातच, कोणी स्वतःच्या इच्छेने सती जायला तयार झाली तर नातेवाईक मोठा आनंदोत्सव करतात, आणि मुसलमानांनी जबरदस्तीने हे रोखले तर त्यांचा राजा मरतो असा लोकांचा समज आहे, म्हणून काही दंगा होऊ नये यासाठी बादशहाचे अधिकारी अशा प्रसंगी हजर असतात.

सती ही चाल प्रत्येक विधवेवर लादली जात होती, असे इतिहास सांगत नाही. ती ठरावीक जातींत, ठरावीक प्रदेशांत आणि मुख्यतः उच्च कुळांत होती. मग ‘जाळतातच’ हा नियम सेयदी अलीने कुठून आणला? बहुधा ऐकीव. पण वयाचा तपशील, राजाच्या मृत्यूचा समज आणि अधिकाऱ्यांची उपस्थिती या गोष्टी इतक्या नेमक्या आहेत की तो निव्वळ कल्पनाविलास वाटत नाही. मला खटकते ते वेगळेच आहे. त्या संपूर्ण परिच्छेदात बाईचा चेहरा नाही. नातेवाइकांचा आनंद आहे, राजाचे आयुष्य आहे, दंग्याची भीती आहे, पण जी जळते तिच्याविषयी एकही विशेषण नाही. आरमारी माणसाने हवामानाची नोंद करावी तसे ते लिहिले आहे. धागाकर्तीच्या शब्दांत सांगायचे तर तो नदीकाठापर्यंत पोहोचला, पण अधिकाऱ्यांच्या बाजूला उभा राहिला.

पिंपळपान

धागाकर्तीचे विवेचन मला थोडे मवाळ वाटते. प्रवेश आणि घरचा वाद ही दोन कारणे मान्य आहेत, पण तिसरे कारण सांगितल्याशिवाय हे चित्र प्रामाणिक होत नाही, आणि ते म्हणजे मालकी. एव्लिया मोहिमांबरोबर हिंडत असे आणि त्याच्या पुस्तकात पकडून आणलेल्या बायका आणि मुली लुटीच्या हिशोबात घोड्यांच्या व कापडाच्या शेजारी येतात. क्रिमियाच्या गुलामबाजारांचे वर्णन त्याने केले आहे, आणि त्यात विकत घेतलेल्या किंवा भेट म्हणून मिळालेल्या माणसांविषयीची सहजता आजच्या वाचकाच्या अंगावर येते. व्हिएन्नाच्या रस्त्यातल्या बाईपुढे बादशहा टोपी काढतो म्हणून चकित होणारा लेखक आणि सीमेवरून बांधून आणलेल्या बाईचा भाव नोंदवणारा लेखक एकच आहे. पहिल्या उताऱ्याचा आपण गौरवाने उल्लेख करतो, कारण तो आपल्याला गोड लागतो.

मरियमचा मुद्दाही तपासून पाहावा. ख्रिस्ती मुलखाच्या दुसऱ्या एका वर्णनात एव्लिया सांगतो की तिथल्या बायका आमच्या लोकांबरोबर बसून पितात, गप्पा मारतात, आणि त्यांचे नवरे चकार शब्द न काढता बाहेर निघून जातात. कारण सगळ्या ख्रिस्ती जगात बायकांचेच राज्य आहे आणि मरियमच्या काळापासून त्या अशाच वागत आल्या आहेत. म्हणजे एकाच कारणाने एकदा स्तुती केली, एकदा नाक मुरडले. मरियम ही इथे स्पष्टीकरण नाही. ती एक खुंटी आहे, हवा तो सदरा तिच्यावर टांगता येतो.

आणि एन्देरुनलू फाझिलला विसरू नये. अठराव्या शतकाच्या अखेरीच्या या कवीने ‘झेनाननामे’ या काव्यात देशोदेशीच्या बायकांचे गुणदोष एकेक कडवे देऊन मांडले : हिंदुस्थानी, इराणी, हबशी, ग्रीक, आर्मेनियन, ज्यू, चेर्केस, इंग्रज, डच, अगदी नव्या जगातल्यासुद्धा. यातले बहुतेक देश त्याने डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. हे प्रवासवर्णन नव्हे हे मला मान्य आहे, पण बाजारातल्या मालाप्रमाणे राष्ट्रवार वर्गवारी करण्याची ही सवय प्रवाशांच्या डोक्यात घरूनच भरलेली होती, हे त्यावरून दिसते.

जुनीवही (धागाकर्ती)

पिंपळपान यांचा आक्षेप योग्य आहे, आणि गुलाम स्त्रियांचा उल्लेख मी केला नाही ही माझी चूक आहे. त्यांचा मुद्दा मी माझ्या मांडणीत असा बसवते : गुलाम स्त्रीच्या बाबतीत प्रवेशाचा प्रश्नच उरत नाही, कारण तिथे दारच नसते. म्हणून वर्णनही नसते, फक्त मोजदाद असते. मात्र गोड उतारे टाकून द्यावेत असे मला वाटत नाही. सतराव्या शतकातल्या एका मुसलमान दरबारी माणसाने परक्या समाजातली स्त्रीप्रतिष्ठा पाहून ती बाटलेपणाची खूण न मानता त्या समाजाच्या धर्मभावनेत तिचे मूळ शोधले, हे कारण चुकीचे असले तरी त्यामागचा शोध प्रामाणिक आहे. दुसऱ्या उताऱ्यात तो प्रामाणिकपणा ढळतो, हे कबूल.

फाझिलविषयी : ‘झेनाननामे’ १८३७ मध्ये इस्तंबूलला छापले गेले तेव्हा त्यावर बंदी आली असे वाचले आहे, आणि कारण परक्या बायकांची वर्णने नव्हते, तर त्यातील लग्नसंस्थेवरची टीका होती असे सांगतात. म्हणजे परक्या बायकांविषयी काहीही लिहा, घरच्या लग्नाला हात लावू नका!

सांजवात

अहमेद मिधत एफेंदीविषयी मी लिहिते, कारण त्याच्यापाशी या प्रकाराला पहिल्यांदा वळण मिळते असे मला वाटते. हा उस्मानी साम्राज्यातला अफाट लिहिणारा लोकप्रिय लेखक. पॅरिस न पाहताच १८७६ मध्ये त्याने पॅरिसमधल्या तुर्काची कादंबरी लिहिली होती. १८८९ मध्ये स्टॉकहोमला प्राच्यविद्या परिषद भरली, तिला सुलतानाचा प्रतिनिधी म्हणून तो गेला, येताना पॅरिसचे जागतिक प्रदर्शन पाहिले, आणि ७१ दिवसांच्या या फेरीवर हजाराहून अधिक पानांचे ‘अवरुपादा बिर जेवेलान’ लिहिले. (या परिषदांशी आपला संबंध आहेच : आधीच्या, १८८६ च्या व्हिएन्ना परिषदेला डॉ. रा. गो. भांडारकर गेले होते.)

स्टॉकहोमला त्याला ओल्गा लेबेदेवा भेटली. कझानची ही रशियन विदुषी तुर्की जाणत होती, पुश्किन तुर्कीत आणत होती आणि स्वतःला ‘गुलनार’ म्हणवत होती. मिधतच्या पुस्तकात मादाम गुलनार पुन्हा पुन्हा येते : दोघे बरोबर शहरे पाहतात, वाद घालतात, ती त्याला युरोपीय रीतिरिवाज समजावते, तो तिला इस्लाम समजावतो. जुन्या प्रवाशांच्या बायका ‘त्या’ होत्या, अनेकवचनी आणि निनावी. गुलनार ही नाव, मते आणि विनोदबुद्धी असलेली एकवचनी बाई आहे. अर्थात मिधत भोळा नाही. युरोपची यंत्रे घ्यावीत आणि आचार घेऊ नये ही त्याची भूमिका पक्की होती, आणि गुलनार त्या भूमिकेला सोयीची होती : विद्वान, मर्यादशील, पौर्वात्य विद्येची चाहती. पॅरिसच्या नटव्या बायकांवर टीका करताना तिच्यासारखी एक बाई हाताशी असणे त्याला बरेच वाटले असेल. तरीही ती माणूस म्हणून पानावर उभी राहते.

आता जुनीवही यांच्या ‘घरच्या वादा’चा पुरावा. याच मिधतच्या प्रोत्साहनाने पुढे आलेली फातमा आलिये (१८६२–१९३६) हिने १८९२ मध्ये ‘निस्वान-ए इस्लाम’ लिहिले. त्यात ती स्वतः कुठेही जात नाही. युरोपीय बायका प्रवासिनी म्हणून इस्तंबूलमधल्या घरात येतात, जनानखान्याविषयीच्या ऐकीव कल्पना घेऊन बसतात, आणि यजमानीण फ्रेंच भाषेत त्यांच्याशी गुलामगिरी, बहुपत्नीत्व, बुरखा आणि पेहराव यांवर वाद घालते. परकी स्त्री इथे पाहुणी आहे आणि तिचे अज्ञान हे वर्णनाचा विषय आहे. फातमा आलिये सगळीकडे पटते असे नाही. घरातल्या गुलाम मुलींच्या सुखाविषयी ती जे सांगते ते वाचून पिंपळपान यांचा ‘मालकी’चा मुद्दा पुन्हा आठवतो. दिवाणखान्यात बसलेल्या मालकिणीने सांगितलेले ते सुख आहे.

यानंतर झेयनेप हानुम. ती आणि तिची बहीण १९०६ मध्ये इस्तंबूलहून युरोपात पळून गेल्या. फ्रेंच कादंबरीकार पिएर लोतीच्या त्याच वर्षीच्या कादंबरीतल्या नायिका यांच्यावरूनच घेतलेल्या होत्या, म्हणजे झेयनेपची पत्रे छापून येण्याआधीच युरोपने त्यांची कहाणी वाचली होती. झेयनेपची पत्रे ग्रेस एलिसन या इंग्रज पत्रकार बाईने १९१३ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने काढली. युरोपात मोकळीक मिळेल या आशेने गेलेली ही तरुणी हळूहळू चिडत जाते. लंडनमध्ये पार्लमेंट पाहायला गेली असता तिला बायकांसाठी राखलेल्या सज्जात बसवतात. तिथे समोर जाळी आहे, जाळीतून खालचे पुरुष दिसतात, त्यांना बायका दिसत नाहीत. ती मैत्रिणीला विचारते की बायकांचा हा सज्जा म्हणजे जनानखानाच आहे, हे तू मला आधी का सांगितले नाहीस?

एका वाक्यात तिने सगळी उतरंड उलटी केली. तिला ही जाळी ओळखू आली, कारण ती स्वतः तसल्याच जाळीमागे वाढली होती. त्या सज्जात रोज बसणाऱ्या बायकांपैकी अनेकींना ती फक्त गैरसोय वाटत असावी. अनेकींना म्हणते, सगळ्यांना नाही, कारण १९०८ मध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी स्वतःला याच जाळीला साखळ्यांनी बांधून घेतले होते. ती जाळी १९१७ मध्ये काढली गेली.

दर्यावर्दी

सांजवात यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण एक शंका. झेयनेपचे पुस्तक इंग्रजीत, इंग्रज वाचकांसाठी, इंग्रज संपादिकेच्या हातून आले. त्याला ‘तुर्की प्रवासवर्णन’ म्हणावे का? इंग्रज बाईला स्वतःच्या पार्लमेंटवर टोमणा मारायचा असेल, तर तो तुर्की बाईच्या तोंडून मारणे सोयीचेच आहे.

सांजवात

शंका रास्त आहे. एलिसनचा हात मजकुरात किती आहे हे सांगता येणार नाही, आणि ती स्वतः स्त्रियांच्या प्रश्नात रस घेणारी होती. पण पुस्तकाचा एकूण कल एलिसनच्या सोयीचा नाही. झेयनेपला इंग्रज बायकांचा क्लब नीरस वाटतो, पाश्चात्त्य स्त्रीचे स्वातंत्र्य दमवणारे वाटते, आणि शेवटी ती परत जायला निघते. जाळीचा टोमणा संपादिकेला हवा असेल, हा परतीचा प्रवास तिला हवा होता असे वाटत नाही. शिवाय भाषेची कसोटी लावली तर तुर्की लेखिका हालिदे एदिबही यादीतून बाहेर जाईल.

ओसरीवरून

हालिदे एदिबचे नाव निघाले म्हणून लिहितो. तिचे ‘इनसाइड इंडिया’ १९३७ मध्ये लंडनला निघाले, तेही इंग्रजीतच. कारण ती १९२०च्या दशकाच्या मध्यापासून देशाबाहेर होती आणि १९३९ मध्येच परतली. डॉ. मुख्तार अहमद अन्सारींच्या निमंत्रणावरून ती १९३५ च्या जानेवारीत मुंबईला उतरली, दिल्लीत जामिया मिलिया इस्लामियात तिने व्याख्याने दिली, त्यातल्या एका व्याख्यानाला गांधीजी अध्यक्ष होते, आणि नंतर अलीगढ, लाहोर, पेशावर, लखनौ, काशी, कलकत्ता, हैदराबाद असा दौरा केला.

तारखांकडे पाहा. तुर्कस्तानात स्त्रियांना संसदेसाठी मताधिकार मिळाला ५ डिसेंबर १९३४ रोजी. त्यानंतरची निवडणूक ८ फेब्रुवारी १९३५ रोजी झाली आणि १७ स्त्रिया निवडून आल्या. १९१९ मध्ये इस्तंबूलच्या सुलतानअहमेद चौकात प्रचंड सभेपुढे भाषण केलेली, स्वातंत्र्ययुद्धात अनातोलियात काम केलेली ही बाई त्या दिवशी हिंदुस्थानात होती, आणि पडद्याविषयी प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्यांना उत्तरे देत फिरत होती. तिच्या पुस्तकातली हिंदुस्थानी स्त्री ही त्यामुळे दुहेरी मापाने मोजली जाते. एक माप तिच्या लहानपणच्या उस्मानी घराचे, जिथे तिने आतला चौक स्वतः अनुभवला होता. दुसरे माप प्रजासत्ताकाचे, ज्याने पडदा हटवला पण तिलाही देशाबाहेर ठेवले. पुरुष पाहुण्याला जे घर दिवाणखान्यापर्यंतच दिसले असते, ते तिला आतून दिसले, आणि म्हणूनच तिच्या लिखाणात पडद्यातली बाई दयेचा विषय होऊन बसत नाही. तिथेही हुशारी, सत्ता, कंटाळा आणि थट्टा असते हे तिला सांगावे लागत नाही, ते माहीतच असते. सरोजिनी नायडूंसारखी सभा गाजवणारी स्त्री आणि पडद्याआडची गृहिणी या दोघींकडे ती एकाच उत्सुकतेने पाहते.

मर्यादाही आहे. यजमान जामियाचे असल्यामुळे तिचा सगळ्यात जवळचा वावर उत्तरेतल्या सुशिक्षित मुसलमान कुटुंबांत झाला, आणि शेतात राबणारी, गिरणीत जाणारी, दळणकांडण करणारी बाई तिच्याकडे पाहुणी म्हणून आली नाही. सेयदी अली नदीकाठी अधिकाऱ्यांशेजारी उभा होता, तशी ही व्यासपीठाशेजारी.

पिंपळपान

ओसरीवरून यांचे म्हणणे पटते. एक जोड देतो. त्याच सुमारास, म्हणजे १९३५ मध्ये, शुकूफे निहाल या कवयित्रीचे ‘फिनलांदिया’ आले. फिनलंडच्या स्त्रियांना मताधिकार १९०६ मध्येच मिळाला होता, आणि नव्या प्रजासत्ताकातल्या शिक्षित तुर्की बाईने तिथे जाऊन कष्टाळू, शिकलेल्या, नीटनेटक्या बायका पाहिल्या आणि मनापासून वाखाणल्या. इथे मात्र मला घरचा वाद वर्णनावर इतका स्वार झालेला वाटतो की फिनिश बाई माणूस न राहता आदर्शपाठ होते. मेहमेद चेलेबीच्या ‘स्वर्गा’पेक्षा हे फार वेगळे नाही; फक्त आता स्वर्गात बायका काम करतात.

आपल्याकडेही पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरचे पुस्तक १८८९ चे, म्हणजे मिधतच्या फेरीच्याच वर्षीचे. अमेरिकन स्त्रियांच्या संघटनांवर त्यांनी भरभरून लिहिले, पण निग्रो आणि मूळ रहिवासी यांच्यावरील अन्यायाकडेही बोट दाखवले. कौतुक आणि डोळसपणा एकत्र नांदू शकतात, म्हणून निहालला वेळेची सूट देऊन सोडून द्यावे असे मला वाटत नाही.

जुनीवही (धागाकर्ती)

निहालविषयीचे मत थोडे कडक आहे, पण पुस्तक पुन्हा उघडून पाहावे लागेल. रमाबाईंची तुलना मला सुचली नव्हती.

ओसरीवरून यांच्या प्रतिसादामुळे माझ्या मूळ मांडणीत एक दुरुस्ती करते. ‘कुठल्या दारापर्यंत प्रवेश होता’ असे मी म्हटले, तेव्हा दार एकच आहे असे मी गृहीत धरले होते. हालिदेला आतले दार उघडे होते आणि गिरणीचे बंद. एव्लियाला व्हिएन्नाचा रस्ता उघडा होता आणि कैरोतले घर बंद. मेहमेद चेलेबीच्या बाबतीत तर फ्रेंच बायकांनाच त्याच्या जेवणाचे दार उघडे होते. पुढच्या प्रतिसादांत कोणी विसाव्या शतकातल्या पत्रकार प्रवाशांवर, विशेषतः १९४३ मध्ये हिंदुस्थानात येऊन ‘हिंद’ लिहिणाऱ्या फालिह रिफ्की अतायवर लिहिणार असेल, तर तो कुठल्या सरकारी मोटारीतून, कोणाच्या सोबतीने फिरत होता हे आधी सांगावे, बायकांची वर्णने त्यानंतर.

दर्यावर्दी

अतायचे पुस्तक मिळवतो. मोटारीची चौकशी आधी.